सायकलस्वाराच्या हातांचा बधिरपणा व त्याचा परिहार

दूध केंद्रावर पोंचविणें, मळ्यावर फेरी घालणें, बाजारहाट करणें इत्यादि कामीं सायकल आपल्या पुष्कळ बंधूंस अद्यापि उपयोगी पडते. परंतु पांचसात किलोमीटर गेल्यावर कित्येकांच्या करंगळीस मुंग्या येतात, तळवा बधिर होतो व मनगट दुखूं लागतें. हें क्षुल्लक समजून सोडून देऊं नये. ज्या हातानें विळा धरावयाचा व धार काढावयाची, त्याची संवेदना मंदावल्यास नुकसान सायकलीपुरतें राहत नाहीं.

तळव्याच्या बुडाशीं, करंगळीच्या बाजूस, दोन लहान हाडांमधून एक अरुंद वाट आहे. फेलिक्स ग्वियों या फ्रेंच शस्त्रवैद्यानें इ. स. १८६१ मध्यें तिचें वर्णन केलें. करंगळी व अनामिका यांकडे जाणारा मज्जातंतु तेथून जातो व हँडलाच्या दाबानें चेंगरतो. आंगठा, तर्जनी व मध्यमा यांचा मज्जातंतु मनगटाच्या मध्यांतून जातो. मनगट फार वेळ वांकलेलें राहिल्यास तो आवळला जातो. सबब कोणतीं बोटें बधिर होतात, हें आधीं पाहावें.

तथापि मूळ दोष बहुधा हातांत नसून बैठकींत असतो. बैलगाडींत माल पुढें अधिक भरला तर भार बैलांच्या मानेवर येतो. त्याचप्रमाणें सीट पुढें झुकलेली असली तर शरीराचा भार तळव्यांवर येतो. याकरितां पुढील गोष्टी कराव्या :

(१) सीटवर सरळ फळी ठेवून पाहावी. पुढें उतार दिसल्यास पान्यानें सीट समपातळींत आणावी.

(२) हँडल सीटच्या बरोबरीनें किंवा किंचित् उंच असावें. दांड्यावर मर्यादेची खूण असल्यास ती बाहेर येऊं देऊं नये.

(३) कोंपरें किंचित् वांकलेलीं व मनगट सरळ ठेवावें. मनगट मोडून लिहिणाऱ्या कारकुनाचा हात संध्याकाळीं भरून येतो, हें आम्हीं कचेरींत पुष्कळ वर्षें पाहिलें आहे. येथेंही तोच न्याय.

(४) मूठ घट्ट आवळूं नये. दर कांहीं मिनिटांनीं हाताची जागा बदलावी. मुठींचें रबर झिजलें असल्यास नवें बसवावें. तळव्यास गादी असलेले हातमोजे घालावे. मात्र फार जाड मोज्यांनीं मूठ उलट अधिक आवळावी लागते.

(५) पिशव्या व दुधाच्या किटल्या हँडलास टांगूं नयेत. त्या मागील कॅरिअरवर दोहों बाजूंस सारख्या वजनानें बांधाव्या.

(६) टायरवर छापलेल्या मर्यादेपेक्षां अधिक हवा भरूं नये. दगडाळ रस्त्याचे हादरे थेट मनगटास पोंचतात.

सायकलीवरून उतरल्यावर थोड्या वेळांत मुंग्या गेल्या तर इतकें पुरे आहे. परंतु बधिरपणा दुसऱ्या दिवशींही राहिला, किंवा चिमटींत धरलेली वस्तु सुटूं लागली, तर सायकल बंद ठेवून डॉक्टरांस हात दाखवावा. मधुमेह्यांचे मज्जातंतु आधींच दुबळे झालेले असण्याचा संभव असल्यामुळें त्यांनीं तर मुळींच विलंब लावूं नये.

हंगामाची घाई सुरू होण्यापूर्वीं प्रत्येकानें पाना घेऊन आपली सायकल एकवार तपासावी, अशी विनंति आहे.