‘गिव्ह अप’ : क्रियापद एक, अर्थ अनेक

इंग्रजी शिकणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांस लांबलचक शब्दांची जितकी भीति वाटते, तितकी लहान शब्दांची वाटत नाहीं. वस्तुतः स्थिति याच्या उलट आहे. लांब शब्दाचा अर्थ कोशांत पाहिला कीं काम भागतें. परंतु ‘गिव्ह’ म्हणजे देणें आणि ‘अप’ म्हणजे वर, हें पाठ असूनही ‘गिव्ह अप’ या जोडीचा अर्थ हातीं लागत नाहीं. ही अडचण आजची नव्हे. डॉक्टर सॅम्युएल जॉन्सन यांचा प्रसिद्ध इंग्रजी कोश १७५५ सालीं निघाला. क्रियापदापुढें लहानसें अव्यय जोडून होणारे असे प्रयोग परकीयांस फार अवघड जातात, असें त्यांनीं त्याच्या प्रस्तावनेंतच नमूद केलें आहे.

‘गिव्ह अप’चा एक सरळ अर्थ, आपल्या ताब्यांतील वस्तु दुसऱ्याच्या हवालीं करणें, हा होय. वेढ्यांत अन्नपाणी संपलें म्हणजे किल्लेदार किल्ला ‘गिव्ह अप’ करितो. वृद्ध स्त्री उभी पाहून आगगाडींतील तरुण आपली जागा ‘गिव्ह अप’ करितो. पळालेला गुन्हेगार पोलिसांपुढें स्वतःसच ‘गिव्ह अप’ करितो. दुसरा अर्थ, संवय किंवा उद्योग सोडणें. जसें, तंबाखू सोडणें, नोकरी सोडणें. तिसरा, प्रयत्न सोडून हात टेकणें. कोडें न सुटल्यास मुलें ‘आय गिव्ह अप’ म्हणतात, तें याच अर्थीं.

चौथा अर्थ आशा सोडणें हा असून, तो न कळल्यास अनर्थ होण्याचा संभव आहे. समजा, परगांवींच्या आप्ताच्या आजाराविषयीं इंग्रजी पत्र आलें आणि त्यांत ‘द डॉक्टर्स हॅव्ह गिव्हन हिम अप’ असें वाक्य आहे. घरांतील इंग्रजी शिकणाऱ्या मुलानें ‘डॉक्टरांनीं त्यांस घरीं जाण्याची परवानगी दिली’ असा अर्थ सांगितला, तर मंडळी निश्चिंत होतील. आणि खरा अर्थ तर असा कीं, डॉक्टरांनीं आशा सोडली आहे, भेटावयाचें असल्यास त्वरा करावी!

१६११ सालच्या इंग्रजी बायबलांत ख्रिस्ताच्या मरणप्रसंगीं ‘गिव्ह अप द घोस्ट’ असा प्रयोग आढळतो. तेथें ‘घोस्ट’ म्हणजे भूत नव्हे, आत्मा. मराठी शुभवर्तमानांत त्या ठिकाणीं ‘प्राण सोडणें’ असे शब्द आहेत.

मराठी वाचकास हा प्रकार अगदींच परका वाटूं नये. ‘राग सोडून दे’ असें आपण म्हणतों, तेव्हां कोण कोणास काय देतो? येथें ‘देणें’ हें आपला मूळ अर्थ टाकून ‘सोडणें’ या क्रियेस पूर्णता आणतें. संस्कृतांतही ‘हृ’ या एकाच धातूस निरनिराळे उपसर्ग लागून आहार, विहार, संहार असे भिन्नार्थी शब्द होतात. भेद इतकाच कीं, उपसर्ग धातूच्या मागें चिकटतो आणि इंग्रजी अव्यय क्रियापदाच्या पुढें सुटें राहतें.

सुटें असल्यामुळेंच त्याचें स्थान संभाळावें लागतें. कर्म नाम असल्यास ‘गिव्ह अप द गेम’ आणि ‘गिव्ह द गेम अप’ हे दोन्ही प्रयोग शुद्ध. परंतु कर्म सर्वनाम असल्यास तें मध्येंच आलें पाहिजे. ‘गिव्ह इट अप’ हें शुद्ध, ‘गिव्ह अप इट’ हें अशुद्ध. तसेंच ‘गिव्ह अप स्मोकिंग’ म्हणावें, ‘गिव्ह अप टु स्मोक’ म्हणूं नये. शिवाय ‘गिव्ह इन’शीं त्याची गल्लत करूं नये, ‘गिव्ह इन’ म्हणजे दुसऱ्याच्या आग्रहापुढें नमणें.

सारांश, या क्रियापदांत स्वतः स्तुतिही नाहीं आणि निंदाही नाहीं. व्यसन सोडणारा आणि विद्याभ्यास सोडणारा, या दोघांसही इंग्रज हेंच क्रियापद लावितो. योग्यता ठरते ती सोडलेल्या वस्तूवरून. विद्यार्थ्यांनीं वाक्य वाचतांना प्रथम कर्म शोधावें, म्हणजे अर्थ आपोआप उलगडेल. आणि पालकांस एवढीच विनंति कीं, एखाद्या परीक्षेंत मूल मागें पडल्यास या क्रियापदाचा चौथा अर्थ त्याच्या बाबतींत कधीं योजूं नये.