मँडोलिनची तबली किती जाड?

मँडोलीन आपल्याला जुन्या हिंदी चित्रपटगीतांमुळे परिचयाचे आहे. संगीतकार सज्जाद हुसेन हे स्वतः नामांकित मँडोलीनवादक होते. वाद्य मूळचे इटलीचे. पण मागणीनुसार हाताने मँडोलीन घडवणारे अनेक कारागीर आज जो नमुना समोर ठेवतात, तो अमेरिकेतला आहे. मिशिगन राज्यातील कॅलमझू येथे गिब्सन कंपनीत, लॉइड लोर यांच्या देखरेखीखाली १९२२ साली तयार झालेले ‘एफ-५’. कारखान्यातले मँडोलीन स्वस्तात मिळत असताना हाताने घडवलेल्या वाद्यासाठी लोक कित्येक पट पैसे मोजतात, महिनोन् महिने थांबतात. ही नुसती हौस, की त्यामागे काही विज्ञान आहे?

मँडोलिनला आठ तारा असतात. दोन-दोनच्या चार जोड्या. त्यांची वारंवारता सुमारे १९६, २९४, ४४० आणि ६५९ हर्ट्झ. प्रत्येक जोडी आधीच्या जोडीच्या दीडपट, म्हणजे तिचा पंचम. पण तार इतकी बारीक असते की ती एकटी हवा फारशी हलवू शकत नाही. तारेची कंपने घोडीतून खालच्या लाकडी पडद्यात, म्हणजे तबलीत उतरतात आणि रुंद तबली हवेला हलवते. ही तबली स्प्रूस या हलक्या पण ताठ लाकडाची, तर पाठ मेपलची करतात.

आता अडचण पाहा. आठही तारांचा एकूण ताण सुमारे ८० किलोग्रॅम वजनाइतका असतो. तारा घोडीवरून वाकून जातात, म्हणून त्या ताणाचा काही भाग तबलीला रात्रंदिवस खाली दाबत राहतो. तबली जाड ठेवली तर ती टिकेल, पण हलणार नाही आणि आवाज कोंदट येईल. पातळ केली तर आवाज खुलेल, पण काही वर्षांत ती खचेल.

ही मर्यादा फार अरुंद आहे, कारण फळीचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. समजा, ५ मिलिमीटर जाडीची सपाट फळी तासून ४.५ मिलिमीटर केली. वजन १० टक्क्यांनी घटले; ताठपणा मात्र २७ टक्क्यांनी घटला. फळीची स्वाभाविक वारंवारता १० टक्क्यांनी उतरली. हे उतरणे शुद्ध गंधारावरून शुद्ध रिषभावर येण्याइतके आहे, आणि तेही फक्त अर्ध्या मिलिमीटरने!

हा नियम वर्गात सहज दाखवता येतो. कार्डशीटच्या सारख्या पट्ट्या कापा. दोन पुस्तकांमध्ये एका पट्टीचा पूल करा, मधोमध नाणे ठेवा आणि पट्टी किती वाकते ते मोजा. एकावर एक नुसत्या ठेवलेल्या दोन पट्ट्या सुमारे निम्म्या वाकतील. त्याच दोन पट्ट्या डिंकाने पूर्ण चिकटवून वाळवल्या, तर वाकणे सुमारे एक-अष्टमांशावर येईल.

लाकूड मात्र कार्डशीटसारखे एकसारखे नसते. एकाच झाडाच्या दोन फळ्यांचा ताठपणाही वेगळा असतो. स्प्रूस तंतूंच्या दिशेने जितके ताठ, त्याच्या दहाव्या हिश्शाइतकेही आडवे नसते. कारखान्याला सर्व फळ्यांसाठी एकच जाडी ठरवावी लागते, आणि ती सर्वांत कमकुवत फळीलाही झेपली पाहिजे. साहजिकच, बाकीच्या चांगल्या फळ्या गरजेपेक्षा जाड राहतात. हाताने काम करणारा कारागीर समोरच्या एका फळीपुरताच विचार करतो. तो ती तोलतो, हातात धरून वाकवून पाहतो, बोटाने ठोकून नाद ऐकतो, थोडी खरवडतो, पुन्हा ठोकतो. थांबायचे कुठे, हे कळणे महत्त्वाचे. कारण काढलेले लाकूड परत लावता येत नाही. आज पुष्कळ जण ओबडधोबड कोरीवकाम संगणकनियंत्रित यंत्रावर करतात, पण शेवटचा थर हातानेच काढतात.

ग्राहकाची मागणीही या हिशेबात येते. बँजोच्या साथीला धारदार आवाज हवा, की एकट्याने वाजवायला मऊ? दांडी किती रुंद हवी? किमतीत हा वेळ असतो, फळी वाया जाण्याचा धोका असतो आणि पुढच्या दुरुस्तीची जबाबदारीही असते.

तरीही किमतीचे सगळे गणित भौतिकशास्त्राने सुटते असे आम्ही म्हणणार नाही. लोर १९२४च्या अखेरीस कंपनीतून बाहेर पडले, तेव्हा एफ-५ला फारसा उठाव नव्हता. १९४०च्या दशकात बिल मन्रो यांनी १९२३ सालचे एक जुने एफ-५ दीडशे डॉलरला विकत घेतले. त्यांच्या ‘ब्लूग्रास’ संगीतातून तो आवाज लोकांच्या कानात बसला, आणि मग प्रत्येकाला तसेच वाद्य हवेसे झाले. चांगला आवाज कोणता, हे कानही शिकत असतात.

आपल्याकडे मिरजेत सतार आणि तंबोरे हाताने घडवले जातात. सहल तिकडे गेली, तर विद्यार्थ्यांना तिथल्या कारागिरांना एक प्रश्न जरूर विचारू द्या: तबली पुरेशी पातळ झाली, हे तुम्ही कशावरून ओळखता?