आपला संगणक आपणच जोडू या



महाडच्या चवदार तळ्याविषयी तुम्ही पाठ्यपुस्तकात वाचले असेलच. 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. पुढे या तळ्यावरून न्यायालयात दावा उभा राहिला आणि मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल लागायला 17 मार्च 1937 हा दिवस उजाडावा लागला. दहा वर्षांची ही लढाई ठराव, नोंदी, दाखले अशा कागदांच्या आधारेही लढली गेली. हक्क माणसाचा असतोच. पण कचेरीत तो शाबीत करायला कागद लागतो, हे आमच्या गावाला चांगले ठाऊक आहे.

आता तुम्ही म्हणाल, लेख संगणकाचा आणि गोष्ट तळ्याची, हे कसे? सांगतो.

तळ्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर आमच्या आळीत एक लहानशी अभ्यासिका आहे. तिथे एक जुना संगणक होता. दहावी-बारावीच्या मुलांचे शिष्यवृत्तीचे अर्ज आम्ही त्यावर भरत असू. गुणपत्रिका, जातीचे दाखले, उत्पन्नाचे दाखले यांच्या प्रतीही त्यातच साठवलेल्या होत्या. 2021 च्या जुलै महिन्यात, 21 आणि 22 तारखेच्या दरम्यान, सावित्री आणि गांधारी या नद्यांचे पाणी महाडात शिरले. तालुक्यातील तळिये गावावर तर त्याच वेळी डोंगर कोसळला आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्या दुःखापुढे एका संगणकाची काय कथा! पण पाणी ओसरल्यावर मुले विचारू लागली, ''सर, घरातले कागद भिजून लगदा झाले. अभ्यासिकेतल्या प्रती तरी आहेत ना?''

संगणकाची पेटी जमिनीवर ठेवलेली होती. मी ती पुसली, दोन दिवस पंख्याखाली वाळवली आणि वीज येताच घाईने बटण दाबले. 'चट्' असा आवाज झाला, जळका वास आला आणि सारे शांत झाले. पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या माणसाने असे करावे, याची आजही लाज वाटते. पुराच्या पाण्यातील क्षार आणि चिखल भागांच्या फटींत बसलेले असतात. वरून कोरडे दिसले तरी आत ओलावा असतो आणि क्षारयुक्त ओलावा विजेचा वाहक असतो. एवढेच नव्हे, तर मदरबोर्डवर बसवलेली 3 व्होल्टची बटणाएवढी बॅटरी मुख्य वीज नसतानाही काम करीत असते. त्यामुळे पाण्यात बुडालेल्या त्या पट्टीवर विद्युत्अपघटन सुरू होते आणि तांब्याच्या बारीक रेषा कुरतडल्या जातात. म्हणून भिजलेला संगणक कधीही चालू करू नये. वायर काढावी, ती बॅटरी काढावी आणि जाणकाराला बोलवावे.

प्रती गेल्या त्या गेल्याच. मुलांना पुन्हा कचेऱ्यांचे हेलपाटे घालावे लागले. तेव्हा आम्ही ठरवले, की नवा संगणक थोडक्या पैशांत आणि आपल्या हातांनी जोडायचा, म्हणजे त्याच्या पोटात काय आहे हे सर्वांना कळेल.

हे शक्य तरी कसे होते?

संगणक जोडणे हे एके काळी मोठ्या संस्थेचेच काम होते. आपल्या मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्रा. रंगस्वामी नरसिंहन यांच्या मार्गदर्शनाखाली तरुण अभियंत्यांनी 'टिफ्रॅक' हा संगणक बांधला. 1960 साली तो कामाला लागला. त्यात सुमारे 2,700 निर्वात नलिका होत्या. त्याच्या स्मृतीत 40 बिटांचे 2,048 शब्द मावत. गणित करून पाहा: 2,048 × 40 = 81,920 बिट. आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे 10,240 बाइट, अर्थात 10 किलोबाइट. आज साध्या संगणकात 8 गिगाबाइटची पट्टी बसते. ही स्मृती टिफ्रॅकच्या आठ लाखपटींहूनही अधिक झाली!

पण केवळ भाग लहान झाले म्हणून ते घरी जोडता येतात असे नव्हे. 1981 साली आय. बी. एम. कंपनीने आपला वैयक्तिक संगणक बाजारात सहज मिळणाऱ्या भागांतून बनवला आणि त्याची रचना बरीचशी उघड ठेवली. इतर कंपन्या तशाच मापाचे भाग बनवू लागल्या. 1995 साली इंटेलने 'एटीएक्स' हे माप ठरवून दिले. स्क्रूची भोके कुठे, वीजपुरवठ्याचा जोड कोणता, हे सारे ठरले. पाण्याच्या नळाला कोणत्याही दुकानातील तोटी बसावी, तसे हे झाले. ठरलेले माप सर्वांना खुले असले, की कारागिरीही सर्वांना खुली होते.

पैसे कशावर घालावेत?

आम्ही यादी घेऊन मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला गेलो. इलेक्ट्रॉनिक वस्तूंची ही जुनी बाजारपेठ. एका दुकानदाराने वेगळे ग्राफिक्स कार्ड घेण्याचा फार आग्रह धरला. त्या वर्षी जगभर चिपांची टंचाई होती आणि अशा कार्डांचे भाव आकाशाला भिडले होते. आमचे काम काय? पत्र लिहिणे, हिशेब मांडणे, अर्ज भरणे, एखादी शैक्षणिक फीत पाहणे. एवढ्याला प्रोसेसरमध्येच असलेली चित्रव्यवस्था पुरून उरते. प्रोसेसर घेताना मात्र ती त्यात आहे ना, हे विचारून घ्यावे. काही प्रोसेसरांत ती नसते.

किमती रोज बदलतात, म्हणून रुपयांचे आकडे देत नाही, प्रमाण देतो. आमच्या प्रत्येक 100 रुपयांपैकी प्रोसेसरला 26, मदरबोर्डला 20, मॉनिटरला 20, पेटी व वीजपुरवठ्याला मिळून 12, रॅमला 10, एसएसडीला 9 आणि कीबोर्ड-माऊसला 3 रुपये लागले. तुमच्या वेळी हे प्रमाण थोडे इकडे-तिकडे होईल. पण एक नियम ध्यानात ठेवा: वीजपुरवठ्यात काटकसर करू नये. सारे भाग त्याच्या जिवावर जगतात.

घरात जुना संगणक असेल तर त्याहूनही स्वस्त मार्ग आहे. जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवा. जुनी तबकडी मिनिटाला 7,200 फेरे घेते, म्हणजे सेकंदाला 120. एका फेऱ्याला सुमारे 8.3 मिलिसेकंद. हवी ती माहिती डोक्याखाली येण्यासाठी सरासरी अर्धा फेरा, म्हणजे 4 मिलिसेकंद थांबावे लागते; शिवाय डोके सरकण्याचा वेळ वेगळाच. एसएसडीत फिरणारे काहीच नाही. तिथे माहिती म्हणजे सूक्ष्म कप्प्यांत कोंडलेले इलेक्ट्रॉन! त्यांच्यापर्यंत पोचायला साधारण एक-दशांश मिलिसेकंद पुरतो. म्हणून म्हातारा संगणक एकदम तरुण झाल्यासारखा वाटतो.

जोडणीतील पदार्थविज्ञान

आता भाग जोडू या. प्रथम वायर काढलेल्या पेटीच्या रंग नसलेल्या धातूला हात लावा. बोटांना जाणवेल अशी स्थिर विजेची ठिणगी पडायला सुमारे 3,000 व्होल्ट लागतात. पण चिपेला इजा व्हायला त्याहून पुष्कळ कमी दाब पुरतो. म्हणजे तुम्हाला काही जाणवण्याआधीच चिप मेलेली असू शकते! स्पर्शाने तुमचा आणि पेटीचा विद्युत्दाब सारखा होतो. दाबात फरक नाही, तर ठिणगीही नाही.

मदरबोर्ड त्याच्या पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवून प्रोसेसर बसवा. त्याच्या कोपऱ्यावरील त्रिकोणाची खूण जुळली, की तो अलगद खाली बसतो. जोर मुळीच लावायचा नाही. रॅमची पट्टी मात्र खाच जुळवून दोन्ही टोकांना 'टक्' आवाज होईपर्यंत दाबावी लागते.

मग प्रोसेसरच्या पाठीवर उष्णतावाहक लेप वाटाण्याएवढा लावा आणि त्यावर पंख्याचा धातूचा ठोकळा बसवा. (काही पंख्यांना लेप आधीच लावलेला असतो.) लेप कशासाठी? दोन धातू कितीही गुळगुळीत दिसले तरी सूक्ष्मदर्शकाखाली ते सह्याद्रीसारखे डोंगरदऱ्यांचे असतात. ते शिखरांवरच टेकतात आणि दऱ्यांत हवा राहते. हवा ही उष्णतेची फार मंद वाहक. लेप तिच्यापेक्षा शंभरपटींहून अधिक चांगला वाहक असतो. पण धातूपेक्षा तो वाईटच, म्हणून दऱ्या भरण्यापुरताच लावावा, थापू नये.

मदरबोर्ड पेटीत बसवताना खाली पितळेचे बुटके खांब लावायला विसरू नका. ते विसरल्यास बोर्डाची पाठ पेटीच्या पत्र्याला टेकते आणि शॉर्ट सर्किट होते.

वीजपुरवठ्याची पेटी, म्हणजे एसएमपीएस, 230 व्होल्टच्या प्रत्यावर्ती विजेपासून 12, 5 आणि 3.3 व्होल्टची एकदिश वीज तयार करते. ही पेटी कधीही उघडू नका. 230 ला 2 च्या वर्गमुळाने, म्हणजे 1.414 ने गुणा, 325 येतात. आतील धारित्र एवढ्या दाबाला भारलेले असते आणि वायर काढल्यावरही काही काळ तसेच राहू शकते. पुरात बुडालेला एसएमपीएस तर सरळ टाकून द्यावा.

आणखी एक गंमत पाहा. प्रोसेसर 65 वॅट शक्ती घेत असेल आणि त्याला मिळणारा दाब 1.3 व्होल्ट असेल, तर प्रवाह किती? 65 ÷ 1.3 = 50 ॲम्पिअर! घरातील इस्त्रीला 4-5 ॲम्पिअर लागतात. एवढा प्रवाह त्या चौकोनी तुकड्यात खेळतो, म्हणून तर त्याच्या डोक्यावर पंखा.

मराठी बोलणारा संगणक

यंत्र जुळले, आता त्याला आज्ञावली हवी. आम्ही लिनक्स ही मोफत आणि खुली प्रणाली घातली, लिखाण-हिशेबासाठी लिबरऑफिस. विंडोज 10 ला मिळणारे नियमित मोफत पाठबळ 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपले. त्यामुळे अनेक जुने पण धडधाकट संगणक भंगारात निघण्याचा धोका आहे. लिनक्स घालून त्यांना आणखी काही वर्षे कामाला लावता येते.

मराठीसाठी युनिकोडमध्ये देवनागरीला 128 जागा दिलेल्या आहेत. प्रत्येक अक्षरचिन्हाला स्वतःचा क्रमांक असल्याने येथे लिहिलेले पत्र कोणत्याही आधुनिक संगणकावर तसेच दिसते. टंकलेखनासाठी 1991 च्या भारतीय मानकातील इनस्क्रिप्ट मांडणी शिकून घ्या. स्वर डाव्या हाताला, व्यंजने बहुतांशी उजव्या हाताला. आठ दिवसांत बोटे सरावतात.

पाणी पुन्हा आले तर?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. संगणक जोडला, पण कागदांचे काय? यासाठी जाणकारांचा एक सोपा नियम आहे: तीन, दोन, एक. प्रत्येक महत्त्वाच्या कागदाच्या तीन प्रती ठेवाव्यात, त्या दोन निराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि एक प्रत दुसऱ्या गावी असावी. आमची एक प्रत संगणकात, दुसरी बाहेरच्या हार्ड डिस्कवर आणि तिसरी इंटरनेटवरील साठ्यात असते. सरकारी दाखले मुलांनी डिजिलॉकरमध्येही घेतले आहेत. मुलांचे कागद म्हणजे त्यांचा खाजगी ठेवा. म्हणून बाहेर ठेवलेल्या प्रतींना कुलूपशब्द घातलेला असतो.

संगणकाची पेटी आता जमिनीवर नसते, भिंतीतल्या उंच फळीवर असते. शेजारी यूपीएस आहे. त्याची बॅटरी 12 व्होल्ट, 7 ॲम्पिअर-तासांची, म्हणजे कागदावर 84 वॅट-तास. पण वेगाने वीज काढली की बॅटरी पूर्ण ऊर्जा देत नाही. अर्धा तास धरून चालावे. काम साठवून यंत्र नीट बंद करायला तेवढा पुष्कळ झाला.

दरवर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात मुले एक तालीम करतात. घड्याळ लावून संगणकाच्या वायरी सोडवायच्या, बाहेरची डिस्क घट्ट झाकणाच्या डब्यात घालायची आणि सारे वरच्या मजल्यावर न्यायचे. पहिल्या वर्षी बावीस मिनिटे लागली होती. आता सहा लागतात.

करून पाहा

तुमचा संगणक किती वीज खातो? बहुतेक इलेक्ट्रॉनिक मीटरांवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी एका युनिटला किती लुकलुकी, तो आकडा छापलेला असतो. समजा तो 3,200 आहे. मोठ्यांना सांगून घरातील इतर सर्व उपकरणे बंद करा आणि केवळ संगणक दहा मिनिटे चालवा. मीटरला हात न लावता दिवा मोजा. 27 वेळा लुकलुकला, तर तासाला सुमारे 160. 160 भागिले 3,200 म्हणजे 0.05 युनिट, अर्थात 50 वॅट. रोज सहा तास वापरलात तर दिवसाला 0.3 युनिट.

तुमचे उत्तर किती आले? वहीत लिहून ठेवा. आणि हो, त्या पानाची एक प्रत दुसरीकडेही ठेवा!