ज्वारीवरील पाखरे व त्यांना हुसकावण्याची यांत्रिक साधने

रब्बी ज्वारीचे दाणे चिकात आले, की सोलापूरकडील शेतकऱ्याला पाखरे राखण्यासाठी माळ्यावर चढावे लागते. दाणा टणक होईपर्यंतचे दोन-तीन आठवडे चिमण्या, सुगरणी, पोपट आणि मध्य आशियाकडून हिवाळ्यात येणाऱ्या भोरड्या यांचे थवे कणसांवर उतरत असतात. (भोरड्या नाकतोडेही फस्त करतात, हे विसरून चालणार नाही.) राखणदाराची मजुरी परवडेनाशी झाल्यावर हे काम यंत्राकडे सोपवावेसे वाटणे स्वाभाविकच होय.

यंत्राचा दोष आवाजाच्या क्षीणतेत नसून नियमितपणात आहे. ठराविक अंतराने कडाडणारी वायूची तोफ प्रथम थवे उधळून लावते; परंतु बारामागोमाग इजा होत नाही, असा अनुभव वारंवार आला म्हणजे पाखरे त्यास सरावतात. चकचकीत फितीचे दुखणे निराळे. एका बाजूस लाल व दुसऱ्या बाजूस रुपेरी असलेली ही फीत पीळ देऊन ताणली असता वाऱ्याने गुणगुणते आणि उन्हात लखलखते. पण पाखरांच्या चरण्याचा जोर असतो तो भल्या सकाळी. आणि हिवाळ्यात त्या वेळी वारा बहुधा पडलेला असतो!

गोफणीचे तसे नाही. धोंडा केव्हा व कोठून येईल याचा पाखरांना अंदाज नसतो, आणि तो क्वचित लागतोही. म्हणून तोफ वापरायचीच तर दाणे भरू लागण्यापूर्वी ती सुरू करू नये, तिची जागा व बारांमधील अंतर वरचेवर बदलावे आणि सकाळ-संध्याकाळ माणसानेही शेतात फेरी मारावी. आसपास दुसरे खाद्य नसेल, तर भुकेली पाखरे यालाही फारशी दाद देत नाहीत.