हगवण, चकत्या आणि मिलिमीटर

रायगडच्या किनाऱ्यावर डुकरं पाळणारी घरं मोजकीच. अलिबाग-पेण पट्ट्यात बोलबाला कोंबड्यांच्या शेडचा. पण दूध तोडलेल्या पिलांना हगवण लागली, की मालकाची धावपळ कुठल्याही शेतकऱ्यासारखीच: आधी इंजेक्शन, मग चौकशी. प्रयोगशाळेला नेमका उलटा क्रम हवा असतो. स्वॅब औषध टोचण्याआधी घ्यायचा आणि गारव्यात ठेवून खाडीपलीकडे, परळच्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयासारख्या ठिकाणी पोचवायचा. १८८६ पासूनची ही संस्था.

कोणतं औषध लागू पडेल हे पाहायला तिथे आधी रोगजंतू वेगळा वाढवतात. मग सलाइनमध्ये ठरावीक गढूळपणा येईपर्यंत तो मिसळतात, म्हणजे मिलिलिटरमागे साधारण १५ कोटी जंतू, आणि बशीतल्या अगारवर सारवतात. अगार लाल समुद्रशेवाळातून निघतं. जंतू वाढवायला ते वापरावं, हे सुचलं फॅनी हेसे या बाईंना, स्वयंपाकघरातल्या अनुभवावरून. रॉबर्ट कॉखने १८८२ च्या निबंधात अगारचा उल्लेख केला, बाईंचा नाही!

अगारवर अँटिबायोटिकच्या कागदी चकत्या ठेवून बशी ३५ अंशांवर १६ ते १८ तास ठेवतात. औषध लागू पडलं, तर चकतीभोवती जंतूविना स्वच्छ वर्तुळ उमटतं. ते मिलिमीटरमध्ये मोजतात.

फसगत होते ती इथे. सर्वांत मोठं वर्तुळ म्हणजे सर्वांत चांगलं औषध, असं नाही. प्रत्येक औषध अगारमध्ये वेगळ्या वेगाने पसरतं, त्यामुळे किती मिलिमीटरला औषध लागू समजायचं, याचं जंतू आणि औषध यांच्या जोडीगणिक कोष्टक पाहावं लागतं. डुकरांसाठी अशी कोष्टकं अपुरी आहेत. कित्येकदा माणसांचे आकडे उसने घ्यावे लागतात. शिवाय स्ट्रेप्टोकॉकस सुइसला अगारमध्ये रक्त लागतं, फुफ्फुसाचा दाह करणाऱ्या ॲक्टिनोबॅसिलसचे नखरे त्याहून जास्त. अहवाल हाती येईतो दोन-तीन दिवस जातात, तोवर पशुवैद्यकाला अंदाजानेच उपचार करावे लागतात.

कोलिस्टिन या अँटिबायोटिकपुढे तर चकती हरतेच. त्याचा रेणू मोठा, अगारमध्ये नीट पसरत नाही. २०१५ मध्ये चिनी संशोधकांनी डुकरांतल्या ई. कोलायमध्ये एमसीआर-१ हे जनुक दाखवलं; ते एका जंतूकडून दुसऱ्याकडे जातं आणि कोलिस्टिन निकामी करतं. माणसांसाठी हे औषध शेवटच्या फळीतलं. भारताने जुलै २०१९ मध्ये खाद्यप्राण्यांसाठी त्यावर बंदी घातली. कोलिस्टिनची चाचणी करताना चकतीऐवजी प्लेटच्या छोट्या खाचांत औषधाची मात्रा दुपटीने वाढवत नेतात आणि जंतू कितव्या खाचेपासून वाढत नाही, ते पाहतात.