मीटिंगच्या सुरुवातीचा छोटा प्रश्न : ‘आइसब्रेकर’ कशासाठी विचारायचा आणि कसा विचारायचा?

ओटीपी टाकायला ३० सेकंद पुरतात का? पुण्यात वायफायवर बसलेल्याला पुरतात. आमच्या गावात पुरत नाहीत, हे मला माहीत होतं. तरी मी मीटिंगमध्ये बोलले नाही. त्या न बोलण्याची गोष्ट आधी सांगते, कारण आजचा विषय तिच्यातूनच निघालाय.

२०२० साल. पुण्यात नोकरीला लागून मला जेमतेम आठ महिने झाले होते. लॉकडाऊन लागायच्या दोन दिवस आधी मी लॅपटॉप घेऊन गोंदिया जिल्ह्यात, आमगाव तालुक्यातल्या आमच्या घरी आले. घरात मोबाइल डेटा धड मिळायचा तो फक्त गच्चीवर. आमची टीम तेव्हा एका ॲपचं लॉगिन बदलत होती. नवीन नियम असा, की ओटीपी ३० सेकंदांत टाकला नाही तर तो बाद. घरी टेस्टिंग करताना माझ्या फोनवर एसएमएस कधी चाळीस सेकंदांनी यायचा, तर कधी पन्नास.

रिलीजच्या आदल्या दिवशी मीटिंग झाली. आम्ही नऊ जण होतो. सुरुवातीला कुणीतरी हौसेने प्रश्न टाकला, “तुमचं आवडतं फॉरेन डेस्टिनेशन कोणतं?” बाली, दुबई, स्वित्झर्लंड अशी उत्तरं येऊ लागली. मी तोवर नागपूर, पुणे आणि एकदा पचमढी एवढंच बघितलेलं. माझी पाळी आली तेव्हा मी “नेटवर्कचा प्रॉब्लेम आहे” असं चॅटमध्ये टाकलं आणि सुटले. अर्ध्या तासाने लीडने विचारलं, “रिलीजबद्दल कुणाला काही सांगायचंय?” माझं बोट अनम्यूटच्या बटणावर होतं. पण वाटलं, आपलंच नेटवर्क खराब आहे, त्यात सांगण्यासारखं काय? बोट तिथून उचललं.

दोन दिवसांत लहान गावांतून तक्रारींचा ढीग आला. ओटीपी यायचा तेव्हा त्याची वेळ संपलेली असायची. बदल मागे घ्यावा लागला. चूक कोडमध्ये होती, पण ती दिसूनही गप्प बसलेली माणूस मी होते.

आइसब्रेकर म्हणजे नेमकं काय?

आइसब्रेकर म्हणजे गोठलेल्या समुद्रात बर्फ फोडत पुढे जाणारं जहाज. ते वाट करतं आणि मागून बाकीची जहाजं येतात. आमच्या गोंदियात मे महिन्यात पारा ४४-४५ च्या घरात जातो, बर्फ काय तो गोळ्याच्या गाडीवर! पण अनोळखी माणसांमधली शांतता आपण सगळ्यांनी बघितली आहे. ती मोडण्यासाठी कामाचं बोलणं सुरू व्हायच्या आधी विचारलेला छोटा, हलका प्रश्न म्हणजे आइसब्रेकर.

हे काही कॉर्पोरेट जगानेच शोधलंय असं नाही. आईच्या बचत गटाची बैठक आमच्या ओसरीवर भरायची. बायका गोल करून बसायच्या. आधी हजेरी व्हायची, मग प्रत्येक जण आपण किती रुपये जमा करतोय ते स्वतःच्या तोंडाने सांगायची. घरी कुणासमोर आवाज न काढणारी बाईसुद्धा तिथे एकदा तरी बोलायची. मग कर्जाचा विषय निघाला की तीच म्हणायची, “नाही बाई, हे मला पटत नाही.”

एका वाक्याने काय फरक पडतो?

पडतो, आणि तो चक्क ऑपरेशन थिएटरमध्ये दिसलाय. डॉ. अतुल गावंडे हे अमेरिकेतले सर्जन आणि लेखक. त्यांचे वडील आपल्या विदर्भातले, यवतमाळ जिल्ह्यात उमरखेड तालुक्यातल्या उटी गावचे. गावंडे यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी शस्त्रक्रियेची एक चेकलिस्ट तयार करण्याच्या कामाचं नेतृत्व केलं. ती २००८ मध्ये आली. तिच्यात १९ मुद्दे आहेत. त्यातला एक मुद्दा असा, की पहिला छेद देण्याआधी खोलीतल्या प्रत्येकाने आपलं नाव आणि आपलं काम सांगायचं. सर्जनने, भूल देणाऱ्या डॉक्टरने आणि नर्सनेसुद्धा.

आठ देशांतल्या आठ हॉस्पिटलांत ही चेकलिस्ट वापरून बघितली. त्यात दिल्लीचंही एक हॉस्पिटल होतं. जानेवारी २००९ मध्ये निकाल छापून आले. शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आलं होतं. हे श्रेय पूर्ण चेकलिस्टचं आहे, फक्त नाव सांगण्याचं नाही. पण नाव सांगण्याबद्दल गावंडे त्यांच्या ‘द चेकलिस्ट मॅनिफेस्टो’ या पुस्तकात एक निरीक्षण मांडतात. ज्या नर्सना सुरुवातीलाच बोलायची संधी मिळते, त्या पुढे काही चुकताना दिसलं तर जास्त सहज बोलतात.

सॉफ्टवेअरच्या जगातही अशीच गोष्ट समोर आली. गूगलने २०१२ मध्ये ‘प्रोजेक्ट ॲरिस्टॉटल’ नावाचा अभ्यास सुरू केला. कोणती टीम चांगली चालते आणि का, हे शोधायला १८० हून जास्त टीम तपासल्या. सगळ्यात महत्त्वाची गोष्ट निघाली ती मानसिक सुरक्षितता. म्हणजे ‘मी प्रश्न विचारला किंवा चूक कबूल केली तर माझं हसू होणार नाही’ हा भरवसा. टीमच्या बाबतीत ही कल्पना एमी एडमंडसन या अभ्यासिकेने १९९९ च्या एका शोधनिबंधात मांडली होती. आमचा गोंदिया जिल्हा भंडाऱ्यातून वेगळा झाला, तेच वर्ष!

म्हणजे आइसब्रेकरचं खरं काम करमणूक नाही. प्रत्येकाचा आवाज पहिल्या पाच मिनिटांत एकदा खोलीत उमटला पाहिजे, एवढंच त्याचं काम. पहिलं वाक्य सगळ्यात जड असतं. ते हलक्या विषयावर बोलून झालं, की दुसरं वाक्य कामाच्या विषयावर बोलणं सोपं जातं.

मग माझ्या मीटिंगमध्ये काय चुकलं?

आइसब्रेकर तर तिथेही होता. पण त्या प्रश्नाने आठ जणांची तोंडं उघडली आणि माझं बंद केलं. कारण त्याचं उत्तर द्यायला पासपोर्ट लागत होता.

जुलैमध्ये आम्हाला नवीन टीम लीड मॅडम मिळाल्या. पहिल्याच मीटिंगमध्ये त्या म्हणाल्या, “प्रत्येकाने एका वाक्यात सांगा, तुमच्या खिडकीबाहेर आत्ता काय दिसतंय? मराठी, हिंदी, इंग्रजी, कसंही चालेल.” कुणी पार्किंग सांगितलं, कुणी समोरच्या फ्लॅटचं वाळत घातलेलं धुणं. मी म्हणाले, “बांधीत रोवणी चालू आहे.” दोन सेकंद शांतता. मग कोल्हापूरच्या एका सहकाऱ्याने विचारलं, “बांधी म्हणजे?” मी सांगितलं, धानाचं बांध घातलेलं शेत. पऱ्हे उपटून चिखलात लावतात, ती रोवणी. एकाच वाक्यात उत्तर द्यायचं होतं, मी चार बोलले.

त्याच मीटिंगमध्ये ओटीपीचा विषय पुन्हा निघाला. मी पहिल्यांदा सांगितलं, की माझ्याकडे चाळीस-पन्नास सेकंद लागतात. मॅडम म्हणाल्या, “हे आधी का नाही सांगितलं?” रागाने नाही, खरंच विचारत होत्या. माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यानंतर आमच्या टेस्टिंगच्या यादीत ‘स्लो नेटवर्क’ हा मुद्दा कायमचा आला.

कोणते प्रश्न चालतात?

चांगल्या प्रश्नाची माझी कसोटी तीन गोष्टींची आहे. उत्तर २० सेकंदांत देता आलं पाहिजे. उत्तर चूक ठरता कामा नये. आणि त्यातून कुणाचे पैसे, घर किंवा इंग्रजी उघडं पडता कामा नये. मी वापरलेले काही प्रश्न :

१. खिडकीबाहेर आत्ता काय दिसतंय?
२. आज सकाळी चहा, कॉफी की काहीच नाही?
३. फोनमधलं असं एक सेटिंग सांगा, जे उशिरा कळलं आणि मग वाटलं की आधी कळायला हवं होतं.
४. तुमच्याकडचा असा एक शब्द सांगा, जो इथे कुणाला माहीत नसेल. (टीम थोडी ओळखीची झाल्यावरच. पहिल्या दिवशी नको, नाहीतर बोलीची थट्टा होते.)
५. या आठवड्यात कामात कुठे अडकलात? (हा सगळ्यात उपयोगी. लीडने स्वतःचं अडकणं आधी सांगितलं, तरच बाकीचे खरं सांगतात.)

कोणते प्रश्न टाळायचे?

‘परदेश’, ‘पहिली गाडी’, ‘पहिला पगार’ हे पैशाचे प्रश्न. ‘लग्न कधी?’ हा तर मीटिंगमध्ये सोडाच, कुठेच नको. ‘बालपणीची सगळ्यात छान आठवण’ हा प्रश्न निरुपद्रवी वाटतो, पण प्रत्येकाचं बालपण सांगण्यासारखं असतंच असं नाही.

आपल्याकडे आणखी एक जपून राहायची जागा आहे. “पूर्ण नाव काय? मूळचे कुठले?” असं विचारत विचारत जात काढायची सवय आपल्याला आहे. ‘व्हेज की नॉनव्हेज’ हासुद्धा अनेकदा त्याच वाटेने जाणारा प्रश्न असतो. हे आइसब्रेकर नाहीत, चौकशा आहेत.

आणि उखाण्याची जबरदस्ती आठवा. “नाव घे, नाव घे!” म्हणत सगळे मागे लागतात आणि नवी नवरी अवघडून जाते. आइसब्रेकरचं तसं होऊ देऊ नका. “आज पास” म्हणायची मुभा हवी आणि त्यावर कुणी काही बोलायचं नाही.

सिक्युरिटीचं काय?

हा मुद्दा आपल्या वाचकांसाठी खास. ‘पहिल्या शाळेचं नाव’, ‘पहिल्या पाळीव प्राण्याचं नाव’, ‘आईचं माहेरचं आडनाव’, ‘वाढदिवस’ हे प्रश्न गमतीचे वाटतात. पण अकाउंटचा पासवर्ड विसरल्यावर ओळख पटवायला काही ठिकाणी हेच विचारतात. मीटिंग रेकॉर्ड होत असेल तर तुमचं उत्तर त्या फाइलमध्ये राहतं. सोशल मीडियावर फिरणाऱ्या ‘तुमच्याबद्दल १० गोष्टी सांगा’ छाप पोस्टनाही हेच लागू. असा प्रश्न आला तर बिनधास्त पास म्हणा. खोटं उत्तर दिलंत तरी काही बिघडत नाही!

ऑनलाइन मीटिंगमध्ये कसं करायचं?

• हिशोब करा. ८ माणसं, प्रत्येकी २० सेकंद, म्हणजे १६० सेकंद. तीन मिनिटांच्या आत काम होतं. २५ माणसं असतील तर आठ मिनिटांच्या वर जातं. तिथे उत्तरं चॅटमध्ये मागवा आणि दोन-तीन मोठ्याने वाचा.

• रोज नको. रोजचा स्टँडअप १५ मिनिटांचा असतो, त्यातली तीन मिनिटं खाल्ली तर लोक वैतागतील. आठवड्यातून एकदा पुरे.

• क्रम आधी टाका. झूमवर प्रत्येकाला चेहरे वेगवेगळ्या क्रमाने दिसू शकतात, त्यामुळे “आता पुढचा” म्हटलं की दोघं एकदम बोलतात. चॅटमध्ये नावांची यादी टाकली की गोंधळ होत नाही.

• नेटवर्क कमी असेल तर कॅमेरा बंद ठेवून बोला. तेही जमत नसेल तर चॅटमध्ये लिहा. पण चालवणाऱ्याने ते उत्तर नाव घेऊन वाचायचं, नाहीतर चॅटवाला माणूस मोजलाच जात नाही.

• व्हॉट्सॲप पोल वापरत असाल तर लक्षात ठेवा, कोणी काय निवडलं ते ग्रुपमधल्या सगळ्यांना दिसतं. चहा-कॉफीला ठीक, नाजूक विषयाला नाही.

आणि एक खरी गोष्ट

चुकीवर चारचौघांत झापणारा लीड असेल, तर कुठलाही प्रश्न कामाचा नाही. लोक खिडकीबाहेरचं सांगतील आणि कामाचं मनातच ठेवतील. आइसब्रेकर दार उघडतो, पण आत आलेल्याचं ऐकून घ्यावं लागतं.

आता आमच्या टीमची सोमवारची मीटिंग मी घेते. शेजारी एक कागद असतो. त्यावर सगळ्यांची नावं आणि जो बोलेल त्याच्यापुढे टिक. शेवटच्या दहा मिनिटांत ज्याच्यापुढे सुरुवातीची एकच टिक असते, त्याला नाव घेऊन विचारते, “तुझ्याकडे हे कसं चालतंय?” गेल्या महिन्यात एका फ्रेशरने बिचकत सांगितलं, की त्याच्या आईच्या जुन्या फोनवर आमचं नवीन बटण दिसतच नाही. आम्ही रिलीज एक दिवस पुढे ढकललं आणि ते बटण दुरुस्त केलं.

पुढच्या मीटिंगला हा कागद तुम्हीही करून बघा. तुम्ही लीड नसाल आणि त्यावर तुमच्याच नावापुढे टिक नसेल, तर अनम्यूट करा. “माझ्याकडे हे नीट चालत नाहीये” एवढं वाक्य पुरतं.