भिंग कोणते घ्यावे?

गेल्या चैत्रात एक पालक आम्हांस भेटावयास आले. त्यांचा मुलगा आमच्याच वर्गात शिकतो. गुऱ्हाळाचा हंगाम नुकताच आटोपला होता, आणि गुळाच्या पैशांतून त्यांनी मुलाच्या हट्टाखातर कॅमेऱ्याचे एक लांबलचक, भारी किंमतीचे भिंग घेऊन दिले होते. मुलाने पन्हाळ्यावर पहाटेपर्यंत बसून आकाशगंगेचे फोटो काढले. पण प्रत्येक फोटोत चांदण्यांच्या जागी नुसत्या रेघा उमटल्या. "मास्तर, भिंगच खोटं निघालं, का पोराचा हात खोटा?" असा त्यांचा प्रश्न होता. मुलगा खाली मान घालून उभा होता. वस्तुतः भिंग खोटे नव्हते व मुलाचा हातही खोटा नव्हता. चूक झाली होती ती निवडीची. त्या दिवशी त्या उभयतांस आम्ही जे सांगितले, तेच येथे थोड्या विस्ताराने सांगण्याचा विचार आहे. कारण असा हट्ट अनेक घरांत चालू असेल, आणि पालकांचा पैसा कष्टाचा असतो.

भिंगाची मुख्य लक्षणे दोन. पहिले नाभ्यंतर. बहिर्वक्र भिंग उन्हात धरून सूर्याचा ठिपका कागदावर पाडण्याचा खेळ प्रत्येक मुलाने केलेला असतो. ठिपका अगदी लहान व स्पष्ट दिसतो, त्या वेळी भिंग व कागद यांमध्ये जे अंतर असते तेच नाभ्यंतर होय. ते जितके अधिक, तितकी प्रतिमा मोठी. आकाशातील चंद्राची प्रतिमा नाभ्यंतराच्या सुमारे एकशेदहाव्या हिश्श्याएवढी पडते. म्हणजे ५० मिलिमीटरच्या भिंगाने ती अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान, तर ३०० मिलिमीटरच्या भिंगाने पावणेतीन मिलिमीटर भरते. दुसरे लक्षण म्हणजे भिंगाचे छिद्र, अर्थात प्रकाश आत घेणारे तोंड. नाभ्यंतरास छिद्राच्या व्यासाने भागले असता जो अंक येतो, तो भिंगावर 'एफ' या अक्षरापुढे लिहिलेला असतो. हा अंक जितका लहान, तितके भिंगाचे तोंड नाभ्यंतराच्या मानाने मोठे.

आता रेघा का उमटल्या ते पाहू. आपली पृथ्वी चोवीस तासांत स्वतःभोवती एक फेरी पुरी करते. म्हणून आकाश तासाला १५ अंश, म्हणजे चार मिनिटांस एक अंश, पश्चिमेकडे सरकताना दिसते. आमच्या विद्यार्थ्याने कॅमेऱ्याचा पडदा वीस सेकंद उघडा ठेवला होता. तेवढ्या वेळात तारे एका अंशाचा बारावा भाग सरकले. डोळ्यांस हे काहीच नव्हे. परंतु ३०० मिलिमीटरच्या भिंगाने ही हालचाल कॅमेऱ्याच्या पटलावर जवळजवळ अर्ध्या मिलिमीटरएवढी मोठी केली, आणि ताऱ्याची रेघ झाली. हेच वीस सेकंद १८ मिलिमीटरच्या भिंगाने घेतले असते, तर तारा पटलावर मिलिमीटरच्या तीन शतांशांहूनही कमी सरकला असता व ठिपकाच दिसला असता. जे भिंग दूरचे मोठे करून दाखविते, ते पृथ्वीची गतीही मोठी करून दाखविते, हे ध्यानात ठेवावे.

यासाठी छायाचित्रकार एक सोपा हिशेब करतात. ५०० या संख्येस नाभ्यंतराने भागावे. जे उत्तर येईल तितके सेकंद पडदा उघडा ठेवण्यास हरकत नाही. हा हिशेब ३६ बाय २४ मिलिमीटरच्या पटलासाठी आहे. साधारण कॅमेऱ्यांतील पटल याहून लहान असते. तेथे आलेल्या उत्तरास पुन्हा दीडने भागावे. म्हणजे १८ मिलिमीटरच्या भिंगास सुमारे अठरा सेकंद मिळतात, ५० मिलिमीटरच्या भिंगास सहा-सात, आणि ३०० मिलिमीटरच्या भिंगास जेमतेम एक. एका सेकंदात अंधुक आकाशगंगेचा प्रकाश तो किती साठणार? हा नियम ढोबळ आहे; फोटो मोठा करून पाहावयाचा असेल, तर वेळ याहूनही कमी ठेवावी.

मग लांब भिंग निरुपयोगीच काय? मुळीच नाही. आपल्या महाराष्ट्रातीलच एक उदाहरण पाहा. २२ जानेवारी १८९८ रोजी सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथून खग्रास सूर्यग्रहण दिसले. त्यासाठी पुण्याचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नेगमवाला यांनी तेथे तळ दिला होता, आणि अमेरिकेतील लिक वेधशाळेचे विल्यम वॉलेस कँपबेल हेही सपत्नीक आले होते. कँपबेल यांच्या एका कॅमेऱ्याच्या भिंगाचे नाभ्यंतर ४० फूट होते. छिद्र मात्र अवघे ५ इंच. अशा भिंगाने चंद्रबिंबाची प्रतिमा सुमारे साडेचार इंच रुंद पडते, व त्याभोवतीच्या सूर्यप्रभेचे बारकावे टिपता येतात. खग्रास स्थिती सुमारे दोन मिनिटेच टिकली. पण सूर्यप्रभा आकाशगंगेच्या मानाने पुष्कळच तेजस्वी असल्यामुळे एवढे लहान छिद्रही पुरले. शिवाय पृथ्वीच्या गतीचा विसर त्यांस पडला नव्हता. भिंग जागी स्थिर होते, आणि फोटोची काच घड्याळाच्या यंत्राने बिंबाबरोबर हळूहळू सरकत होती. लांब भिंग घेतले की पृथ्वीचे हे देणे असे कोणत्या तरी मार्गाने चुकते करावेच लागते.

याच्या अगदी उलट उदाहरण खुद्द आपल्या कोल्हापुरात आहे. शिवाजी विद्यापीठ व भारतीय भूचुंबकत्व संस्था येथील अभ्यासकांनी येथून रात्रीच्या आकाशाचे फोटो घेतले ते मत्स्यनेत्र भिंगाने. हे अति आखूड नाभ्यंतराचे भिंग क्षितिजापासून क्षितिजापर्यंतचे सारे आकाश एका वर्तुळात आणते. त्यांस तारे टिपावयाचे नव्हतेच. जमिनीपासून सुमारे २५० किलोमीटर उंचीवर प्राणवायूचे अणू रात्री अतिमंद तांबडा प्रकाश देत असतात. त्याची तरंगलांबी ६३० नॅनोमीटर. तेवढाच प्रकाश आत सोडणारी गाळणी लावून त्यांनी ही प्रभा टिपली. त्या फोटोंत कधीकधी दक्षिणोत्तर पसरलेले काळे पट्टे पूर्वेकडे सरकताना दिसतात. वातावरणाच्या त्या थरात विद्युत्कण विरळ झाले, की असे पट्टे दिसतात. त्यांमुळे दिशादर्शक उपग्रहांच्या संदेशांत व्यत्यय येतो. इतकी विस्तीर्ण गोष्ट लांब भिंगातून पाहणे म्हणजे किल्ल्याच्या दाराच्या फटीतून सारा गड पाहू जाणे होय.

या दोन उदाहरणांचे सार इतकेच की, भिंग किंमतीवरून निवडू नये. काय टिपावयाचे आहे यावरून निवडावे. चंद्र लहान व तेजस्वी. त्यास लांब भिंग, आणि वेळ सेकंदाचा शंभरावा हिस्सा असली तरी पुरते. आकाशगंगा विस्तीर्ण व अंधुक. तिला आखूड नाभ्यंतराचे व शक्य तितक्या मोठ्या तोंडाचे भिंग. एखादे नक्षत्र टिपावयाचे असेल, तर ५० मिलिमीटरचे, एफ १.८ असे भिंग उत्तम. त्याच्या छिद्राचा व्यास सुमारे २८ मिलिमीटर असतो. उलट कॅमेऱ्याबरोबर मिळणाऱ्या नेहमीच्या भिंगाचा, १८ मिलिमीटर नाभ्यंतर व एफ ३.५ धरता, जेमतेम पाच. आणि विशेष हे की, असले ५० मिलिमीटरचे भिंग बहुतेक कंपन्यांच्या सर्वांत स्वस्त भिंगांपैकी असते. मोठ्या तोंडाच्या भिंगांत एक दोष मात्र आढळतो: फोटोच्या कोपऱ्यांतील ताऱ्यांस पंख फुटल्यासारखे दिसतात. छिद्र थोडे लहान केले की हा दोष बराचसा कमी होतो.

बाकी सामग्री थोडी आहे. तिपाई भक्कम असावी. एखाद्या ठळक ताऱ्यावर भिंग स्वहस्ते जुळवावे. भिंगावरील अनंताच्या खुणेवर विसंबू नये. बटन दाबताना कॅमेरा हलतो, म्हणून दोन सेकंदांनी आपोआप फोटो निघेल अशी योजना करावी. डोंगरावर दव पडून भिंग धुरकट होते. ते मधूनमधून पाहावे.

कोल्हापूरच्या विद्यार्थ्यांस निसर्गाने एक देणगी दिली आहे. येथे ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम सतरा अंश वर दिसतो. साहजिकच दक्षिणेचे आकाश आपणांस पुष्कळ खोलवर मोकळे आहे. आकाशगंगेचा मध्यभाग, जो लंडनहून क्षितिजावर जेमतेम दहा अंश चढतो, तो येथे सुमारे ४४ अंश वर येतो. मात्र मृगाचे ढग येण्यापूर्वीच हे काम उरकले पाहिजे. चैत्रात तो मध्यरात्रीच्या सुमारास उगवतो, वैशाखात बराच लवकर.

आता त्या विद्यार्थ्याविषयी. आम्ही त्यास अष्टमीचा चंद्र टिपावयास सांगितले, कारण त्या दिवशी उजेड व अंधार यांच्या सीमेवरील विवरांच्या सावल्या स्पष्ट दिसतात. फोटो उत्तम आला. "चंद्रावर खड्डे हाईत म्हणून ऐकलं हुतं, आज बघितलं," असे त्याचे वडील म्हणाले. पुढे वैशाखातील अमावास्येस एका मित्राचे लहान भिंग मागून घेऊन पितापुत्र दोघेही पन्हाळ्यावर गेले. अठरा सेकंदांच्या त्या फोटोत ज्येष्ठेचा तांबूस तारा आहे, मूळ नक्षत्रातील विंचवाची नांगी आहे, आणि तिच्याजवळून वर चढणारी आकाशगंगा आहे. तो फोटो आज वर्गाच्या भिंतीवर आहे. त्याच्या खालच्या कोपऱ्यात आग्नेयेस एक पिवळट झाक दिसते. मुले विचारतात, हा कोणता तेजोमेघ? तो तेजोमेघ नव्हे. ते आपले कोल्हापूर शहर आहे.

ही झाक दरसाल वाढत आहे, आणि तिच्यावर कोणत्याही किंमतीचे भिंग चालत नाही. भिंग विकत मिळते. काळोख विकत मिळत नाही. म्हणून पालकांस आमची विनंती आहे की, भारी भिंगाआधी मुलास एक अंधारी रात्र द्यावी व तिच्यात स्वतः त्याच्याजवळ बसावे. अंगणातील दिव्यावर झाकण घालून त्याचा उजेड जमिनीकडे वळवावा. काम संपताच तो मालवावा. ज्या परमेश्वराने वरचे दीप लाविले, त्याने ते सर्वांसाठी लाविले आहेत. आपल्या अंगणातील दिव्याने ते आपल्याच मुलांपासून झाकले जाऊ नयेत, इतकीच इच्छा.